बाग खुली करायची, तर आधी वाट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरची बाग वर्षातून एक-दोन दिवस लोकांना पाहायला खुली ठेवावी, ही कल्पना आता शहरातल्या लहान बागांपर्यंत आली आहे आणि ती फार चांगली आहे. झाडं लावणाऱ्याला दाद मिळते, पाहणाऱ्याला घरी जाऊन करून बघता येईल असं काहीतरी मिळतं. अशा बागांबद्दल जे छापून येतं त्यात फुलांचे फोटो असतात, झाडांची यादी असते, मालकाचं कौतुक असतं. त्या दिवसाचं यश आणि पुढे वर्षभर बागेची तब्येत ज्या गोष्टीवर ठरते, ती वाट मात्र कुणाच्या लिहिण्यात येत नाही. म्हणून हे पत्र, थोडं सविस्तर.

या प्रथेचा मोठा आणि जुना नमुना इंग्लंडमधला. परिचारिकांच्या संस्थेसाठी निधी जमवताना १९२६ मध्ये एल्सी वॅग यांनी सुचवलं, की खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना दाखवाव्यात. १९२७ मध्ये ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. आजची नॅशनल गार्डन स्कीम ती हीच. त्या पहिल्या वर्षीच्या बागांत सँडरिंगहॅमच्या राजघराण्याच्या वाड्याची बागही होती. तशा बागेत घोडागाडी वळेल एवढे रस्ते असतात, शे-दोनशे माणसं आली तरी पांगतात. घरामागच्या हजार चौरस फुटांत तेवढीच माणसं आली तर ती वाफ्यात उतरतात. उतरायची इच्छा नसते, पण समोरून येणाऱ्याला जागा द्यायला दुसरीकडे पाय ठेवायला वावच नसतो.

तेव्हा पहिलं काम हिशेबाचं. समजा, बाग ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे. आत फिरून परत फाटकाशी येणारी १०० फुटांची, ३ फूट रुंद वाट आहे. बाग पाहणारा माणूस सरळ चालत नाही. तो थांबतो, वाकतो, फोटोसाठी दोन पावलं मागे सरकतो. निवांत पाहायचं तर वाटेवर माणशी साडेसहा-सात फूट लागतात. म्हणजे वाटेवर १५ जण. कोपऱ्यात १० बाय १० फुटांची फरसबंद बैठक असेल तर तिथे आणखी ५. झाले २०. एका वेळी आत २०, त्याहून एकही जास्त नाही.

एवढी बाग पाहायला माणसाला साधारण २५ मिनिटं लागतात असं धरलं, तर दर ५ मिनिटांनी ४ जण आत सोडायचे. तासाला ४८ झाले. बाग ३ तास खुली ठेवली आणि शेवटच्या २५ मिनिटांत आत घेणं बंद केलं, तर सव्वाशेच्या आसपास माणसं बाग नीट पाहून जातात. फाटक उघडल्याबरोबर वीसच्या वीस आत सोडणं ही नेहमीची चूक. ते सगळे एकाच घोळक्याने फिरतात, एकाच अरुंद जागी अडतात आणि एकदमच बाहेर पडतात. चौघाचौघांनी सोडलं की बाग भरायला २० मिनिटं लागतात, पण मग दिवसभर तोच ओघ राहतो. मात्र उघडायच्या वेळीच दारात ६० जण उभे असतील, तर साठाव्याचा नंबर ७० मिनिटांनी लागतो. उन्हात एवढा वेळ कुणाला उभं करणं बरं नाही, म्हणून वेळा आधीच वाटून द्याव्यात.

हे राबवायला वही-पेन्सिल नको. लाकडाच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या २० चकत्या करून फाटकाशी टांगाव्यात. आत जाताना प्रत्येकाने एक घ्यायची, बाहेर पडताना परत अडकवायची. फाटकावर चकती उरली नाही, की बाग भरली. फाटकावरचा माणूस बदलला तरी हिशेब चुकत नाही. वाट गोल नसेल, आत जाऊन त्याच वाटेने परत यावं लागत असेल, तर वाटेसाठी धरलेला आकडा निम्मा करावा आणि टोकाला माणसाला वळता येईल अशी किमान ५ फुटांची मोकळी जागा ठेवावी. व्हीलचेअर वळायलाही तेवढीच लागते.

आता वाटेची रुंदी. कागदावर ती ३ फूट असते. प्रत्यक्षात दोन्ही कडांनी झाडं वाटेवर झुकलेली असतात आणि मधे दीड-दोन फूट उरतात. यावर साधा उपाय: ३ फुटांची काठी दोन्ही हातांत कंबरेच्या उंचीला आडवी धरून सगळ्या वाटेने एकदा चालून जायचं. जिथे काठी अडेल तिथे फांदी छाटायची, कुंडी सरकवायची नाहीतर झुडपाला आत ओढून बांधायचं. मग ७ फुटांची काठी उभी धरून दुसरी फेरी. मांडवावरून लोंबणारे वेल, टांगलेल्या कुंड्या, वाळत घालायची तार, सगळं या फेरीत सापडतं. ही छाटणी आदल्या दिवशी करू नये. ताजे काप डोळ्यांत भरतात आणि झाड मुंडल्यासारखं दिसतं. तीन आठवडे आधी केली की नवी पालवी काप झाकून टाकते.

वाटेच्या वळणावर लोक कोपरा कापतात, हे गृहीतच धरावं. फाटकापासून बाकड्यापर्यंत हिरवळीतून तिरपी मळवाट पडते ती यामुळेच. तिथे ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लावून उपयोग होत नाही, कारण चालणाऱ्याचं लक्ष बाकड्याकडे असतं. कोपऱ्यात गुडघ्याच्या वर येईल अशी जड कुंडी ठेवली की पाय आपोआप वळतो. दुसरा मार्ग म्हणजे मळवाटेलाच वाट मानायचं आणि तिथे पायफरशा बसवायच्या. दोन फरशांच्या मध्यांत २४ ते २५ इंचांचं अंतर ठेवावं. त्याहून जास्त ठेवलं तर बुटक्या माणसाला उड्या माराव्या लागतात, कमी ठेवलं तर पावलं अडखळतात. फरशी दीड-दोन इंच जाडीची, खाली दीड इंच वाळू चोपून, आणि वरचा पृष्ठभाग मातीच्या बरोबरीला. अर्धा इंच वर राहिलेली फरशी ठेच लावते. अर्धा इंच खाली गेलेल्या फरशीवर पाणी साचतं आणि शेवाळ धरतं.

खडीची वाट दिसते सुंदर, पण दोन चुका हमखास होतात. गोल गोटे पायाखाली घरंगळतात, म्हणून फोडलेली, कोनदार, १० मिलिमीटरच्या आसपासची खडी घ्यावी. आणि थर जाड घालू नये. चोपलेल्या मुरुमावर एक ते सव्वा इंच पुरे. तीन इंच खडीत व्हीलचेअरचं चाक आणि लहान मुलाची गाडी रुतून बसते, म्हाताऱ्या माणसाचा घोटा मुरगळतो. वाटेला रुंदीत थोडा उतार हवा, पन्नास इंचांमागे एक इंच एवढा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी कडेला निघून जातं.

पायऱ्यांबद्दल एवढंच, की दोन-तीन पायऱ्यांपेक्षा एकुलती एक पायरी जास्त धोक्याची. ती दिसत नाही. तिच्या कडेला पांढरा पट्टा मारावा किंवा दोन्ही बाजूंना दोन सारख्या कुंड्या ठेवाव्यात, म्हणजे इथे काहीतरी बदलतंय हे लांबूनच कळतं. पायरीची उंची ६ इंच आणि पाऊल ठेवायची जागा १२ इंच असावी. रॅम्प घालायचा असेल तर एक इंच चढाला एक फूट लांबी, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फुटांचा रॅम्प. फळी टाकून केलेला दीड फुटांचा ‘रॅम्प’ धोकादायक आहे. तो घालण्यापेक्षा पायरी आहे असं आधी सांगणं बरं.

वाटेवर कोंडी कुठे होते? पाण्याच्या कुंडापाशी, सुवासिक झुडपापाशी, जिथे वाचायला पाटी आहे तिथे आणि सगळ्यात जास्त जिथे मालक उभा आहे तिथे. मालकाला प्रश्न विचारणारा एक, ऐकणारे पाच, असा घोळका पाच मिनिटांत जमतो. म्हणून मालकाने फाटकाशी किंवा अरुंद वाटेवर उभं राहू नये. बैठकीच्या मोकळ्या जागेत उभं राहावं आणि फाटकाचं काम दुसऱ्याकडे द्यावं. बाकडंही वाटेच्या कडेपासून २ फूट आत हवं, नाहीतर बसणाऱ्याचे गुडघे वाटेत येतात. बाकड्यावर बसायच्या जागेची उंची १७-१८ इंच आणि धरून उठायला हात असावेत.

मातीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण खरं नुकसान तिथे होतं आणि ते त्या दिवशी दिसत नाही. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळीत अर्धं पाणी, अर्धी हवा. माणसाचा पाय पडला की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात आणि पाणी खाली उतरायचं, हवा आत शिरायची ती याच पोकळ्यांतून. कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडून वजन पेलतात. ओल्या मातीत पाणी वंगणासारखं काम करतं आणि कण घसरून एकमेकांत घट्ट बसतात. चिकण माती असेल तर आणखीच. शिवाय दाबाचा मोठा भाग पहिल्या काही पावलांतच होऊन जातो. ‘दहाच जण वाफ्यात उतरले, शंभर नाही’ यात फारसा दिलासा नाही.

मग लोकांचं काय चुकतं? पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी सकाळी बाग भरपूर भिजवली जाते. झाडं टवटवीत दिसतात, माती काळीभोर दिसते आणि नेमकी तेव्हाच ती पायाखाली सगळ्यात जास्त दबते. योग्य रीत अशी: दोन दिवस आधी सावकाश, खोल पाणी द्यायचं. पाणी ६-८ इंच खाली उतरलं का, हे खुरप्याने उकरून बघायचं. त्यानंतर वाफ्यांना आणि हिरवळीला पाणी बंद. कुंड्यांना आदल्या संध्याकाळी पाणी द्यावं. सकाळी दिलं तर कुंडीखालून ओघळलेलं पाणी फरशीवर येतं आणि पाय घसरतो. पानांवरची धूळ धुवायची तर तीही आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात.

माती पाय झेलण्याजोगी आहे का, याची परीक्षा मुठीत होते. दोन इंच खालची मूठभर माती घेऊन दाबायची आणि त्या गोळ्याला बोटाने टोचायचं. गोळा फुटून विखुरला तर ठीक. बोटाचा खड्डा पडून गोळा तसाच राहिला तर माती ओली आहे; त्या दिवशी गवतावरून आणि कच्च्या वाटेवरून कुणाला सोडू नये. आदल्या रात्री पाऊस झाला आणि बागेत फरसबंद वाट नसेल, तर दिवस पुढे ढकलणं हाच शहाणपणा. नाइलाज असेल तर कच्च्या वाटेवर फळ्या अंथराव्यात. रुंद फळीने वजन पसरतं, पावलाखालचा दाब कमी होतो. फळीला बारीक तारेची जाळी खिळ्यांनी ठोकली की पाय घसरत नाही. खिळ्यांची टोकं मात्र वर येऊ देऊ नयेत.

दबलेल्या मातीचा परिणाम तीन-चार आठवड्यांनी दिसतो आणि तो फसवा असतो. माती वरून ओली, तरी झाड माना टाकतं. मालकाला वाटतं पाणी कमी पडतंय, तो आणखी पाणी घालतो. प्रत्यक्षात मुळांना हवा मिळत नसते. जास्तीच्या पाण्याने ती कुजायला लागतात. अशा वेळी झारी बाजूला ठेवावी आणि जाड लोखंडी सळई मातीत खुपसून बघावी. वाफ्याच्या मध्यात सळई सहज जाते आणि वाटेकडच्या कडेला दोन इंचांवर अडते, असं झालं तर कारण सापडलं. झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, त्यामुळे खोडाभोवतीचं आळं सांभाळलं म्हणजे झाड सांभाळलं असं होत नाही.

आच्छादनाने पुष्कळ मदत होते. पाचोळा किंवा लाकडाचा भुगा-काड्या यांचा २ ते ३ इंचांचा थर वाफ्यावर द्यावा, खोडापासून ४ इंच मोकळे सोडून. खोडाला टेकलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं. चुकून पडलेलं पाऊल या थरावर पडतं, थेट मातीवर नाही. वाटेच्या कडेला विटा तिरप्या रोवल्या तर आच्छादन वाटेवर सांडत नाही आणि पायालाही हद्द कळते.

हिरवळ असेल तर कापणी दोन दिवस आधी करावी आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. पाहुण्यांसाठी गालिचासारखी खरडून कापलेली हिरवळ दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, कारण पानंच उरत नाहीत आणि वरून शेकडो पावलं पडलेली असतात.

धोक्याच्या गोष्टी. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची फळं मुलांच्या हाताला लागतील अशी नकोत. डिफेनबाकियाच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात. तुकडा चावला तर तोंड, जीभ सुजते. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ही झाडं काढून टाकायची गरज नाही, वाटेपासून हातभर आत असावीत आणि त्यांच्यापाशी स्पष्ट पाटी असावी. घायपातीच्या पानांची टोकं डोळ्याच्या किंवा मुलांच्या चेहऱ्याच्या उंचीला येत असतील तर त्यांवर बुचं खोचावीत. कुंडीत रोपाला आधार म्हणून लावलेल्या बारीक काठ्यांचंही तेच. वाकून फूल बघणाऱ्याला ती काठी समोरून दिसत नाही, कारण तिचं फक्त टोक डोळ्यांसमोर असतं. वर टेबल टेनिसचा चेंडू किंवा बूच बसवलं की झालं.

पाण्याच्या कुंडाची खोली किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडतं. कुंडावर लोखंडी जाळी हवी, मुलाचं वजन पडलं तरी पाण्याखाली न जाणारी, आणि तिचे चौकोन ३ इंचांपेक्षा मोठे नसावेत. कमळाची पानं त्यातून वर येतात, महिन्याभरात जाळी दिसेनाशी होते. कारंज्याचा पंप ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) असावा आणि एक्स्टेंशनची वायर वाटेवरून जाऊ नये. रबरी नळी गुंडाळून आत ठेवावी. वाटेवरच्या नळीत पाय अडकून पडणं फार सहज होतं. कीटकनाशकं, खतं, कात्र्या कुलपात ठेवाव्यात. फवारणी तर १५ दिवस आधीच बंद करावी आणि डब्यावर याहून जास्त मुदत लिहिली असेल तर ती पाळावी. मावा ही कीड दिसली तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडावी.

बाग कोणत्या वेळी उघडायची, हे सोयीवर ठरवलं जातं. ते झाडांवर ठरवायला हवं. पारिजातक पाहायचा तर सूर्य वर यायच्या आत, कारण पहाटे त्याची फुलं गळतात. कमळ सकाळी उमलतं आणि दुपारी मिटायला लागतं. ‘ऑफिस टाइम’ नावाच्या झाडाची फुलं ऊन असेल तरच उघडतात. ढगाळ दिवशी तो वाफा हिरवा राहतो. गुलबाक्षी चारच्या सुमारास फुलते. रातराणी तर अंधार पडल्याशिवाय वासच देत नाही. कोणत्या झाडासाठी आपण बाग दाखवतो आहोत ते आधी ठरवावं आणि त्याची वेळ धरावी. भर दुपार टाळावी, पाहणाऱ्याचे हाल होतात आणि उन्हात रंगही फिके दिसतात.

नेमक्या दिवशी बहर यावा म्हणून काय करता येतं, तेही सांगतो. गुलाब छाटणीनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी फुलतो. बागेतले निम्मे गुलाब एका आठवड्यात आणि निम्मे पुढच्या आठवड्यात छाटले तर एखादा थंड-उष्ण आठवडा मधे आला तरी एक तुकडी सापडते. जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, तिथे कळ्यांची संख्या बघायची. शेवंतीला लांब रात्र लागते. तिच्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर कळ्या उशिरा धरतात किंवा झाडाच्या एकाच बाजूला धरतात. शहरातल्या बागेत हे फार आढळतं आणि लोक खताला दोष देतात. संध्याकाळनंतर त्या बाजूने जाड कापडाचा आडोसा करावा. आणि शेवटच्या महिन्यात युरियासारखं नत्र खत देऊ नये. पानं माजतात, देठ लुसलुशीत होऊन लवंडतात आणि मावा येतो.

विकत आणलेल्या फुललेल्या कुंड्या आदल्या रात्री वाफ्यात खुपसून ठेवू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. बाग जाणणाऱ्याला त्या लगेच ओळखू येतात आणि न जाणणाऱ्याची फसवणूक होते. तो तेच रोप घरी लावतो आणि महिन्याने स्वतःला दोष देतो. त्यापेक्षा खताचा खड्डा, ठिबकच्या नळ्या, रोपं तयार करायची जागा उघडपणे दाखवावी. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच असतं.

पाट्यांवर थोडं. साध्या पेनची शाई उन्हात दोन-तीन महिन्यांत उडते, पेन्सिलचं लिखाण टिकतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर पेन्सिलने जोर देऊन लिहिलं तर अक्षर खोलगटही उमटतं. तीन फुटांवरून वाचता यावं म्हणून अक्षराची उंची किमान ८ मिलिमीटर असावी आणि पाटी जमिनीपासून फूटभर वर, थोडी मागे कललेली असावी. शास्त्रीय नाव लिहिणं हा बडेजाव नाही. चाफ्याचंच बघा. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. हिरवा चाफा म्हणजे आर्टाबोट्रिस, तो सीताफळाच्या कुळातला. देवचाफा म्हणजे प्लुमेरिया, तो कण्हेरीच्या कुळातला आणि चीक येणारा. भुईचाफा म्हणजे केम्फेरिया रोटुंडा, तो हळदीच्या कुळातला, कंदातून उगवणारा. चौघांची माती, पाणी, छाटणी सगळं वेगळं. नुसतं ‘चाफा’ लिहिलेल्या पाटीवरून कुणी रोप शोधायला गेलं तर काहीही पदरात पडेल. तसंच ब्रह्मकमळाचं. घराघरांत रात्री फुलणारं ते निवडुंगाच्या कुळातलं एपिफायलम. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, सॉस्युरिया नावाचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

लोक फांद्या मोडून नेतात, ही तक्रार खरी आहे. यावर पहारा ठेवण्यापेक्षा बाहेर पडायच्या जागी रोपांचं टेबल मांडावं. ज्या झाडांच्या फांद्या लोक हमखास तोडतील त्यांचीच रोपं दोन महिने आधी करून ठेवावीत. मात्र ती देण्याआधी पानांच्या मागे आणि पेरांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण ही कीड नाही ना, हे बघावं. कापसाचा बारीक पुंजका दिसला तर ते रोप बाजूला. नेणाऱ्यानेही ते दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवावं. उलट बाजूने, येणाऱ्यांच्या तळव्यांना लागलेल्या चिखलातून तणांच्या बिया आणि मूळकुजीची बुरशी येऊ शकते, म्हणून फाटकात काथ्याचं पायपुसणं आणि एक ताठ ब्रश असावा.

शेजाऱ्यांना दोन आठवडे आधी लेखी कळवावं: तारीख, वेळ, अंदाजे किती माणसं, गाड्या कुठे उभ्या राहतील. त्यांच्या खिडक्यांकडे कॅमेरे वळणार नाहीत याची काळजी घ्यावी. तिपाईवरचा कॅमेरा अरुंद वाटेवर तसाही नको. स्वच्छतागृह देता येत नसेल तर आधीच सांगावं. आणि गल्लीतल्या तीन-चार बागा एकाच दिवशी उघडता आल्या तर फारच उत्तम. इंग्लंडच्या त्या योजनेतही लहान बागा अशा गटाने उघडतात. एक भरली की लोक दुसरीकडे वळतात, रांग रस्त्यावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाग पुन्हा बंद झाली की काम संपत नाही. वाटेच्या कडेची माती दोन-तीन दिवस सुकू द्यावी. मग बागेचा काटा (लांब दांड्याचं दातेरी अवजार) ६ ते ८ इंच खोल रोवून दांडा मागे-पुढे हलवावा आणि बाहेर काढावा. माती पलटायची नाही, नुसती भेगाळायची. दोन छिद्रांत ६ इंच अंतर. झाडाच्या मुळांजवळ काटा जड लागला की जागा बदलावी. वरून इंचभर कंपोस्ट पसरून हलकं पाणी द्यावं. ते भेगांतून खाली जातं आणि पुढचं काम गांडुळं करतात. हिरवळीवरही असंच. ज्या पट्ट्यात सळई अडते तिथे पुढचे सहा आठवडे कुणाला चालू देऊ नये.

आता आपल्याकडे एक विनंती. बाग खुली असल्याची सूचना त्याच दिवशी सकाळच्या अंकात आली की दोन तासांत सगळं गाव दारात येतं, आणि फोटो एकाच फुलाचा असेल तर सगळे त्याच झुडपापुढे उभे राहतात. ही सूचना किमान आठवडाभर आधी छापावी आणि तिच्यात पाच-सहा गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ एवढं पुरे: “बाग ४० बाय २५ फूट. दुपारी ३ ते ६, शेवटचा प्रवेश ५.३५. एका वेळी २० जण, वेळ आधी ठरवून यावे. वाट ३ फूट रुंद, फरसबंद. दोन पायऱ्या आहेत, व्हीलचेअर बैठकीपर्यंत येते. पाण्याचे कुंड जाळीने झाकलेले आहे. स्वच्छतागृह नाही. आदल्या रात्री पाऊस झाल्यास बाग पुढच्या रविवारी, त्याच वेळेला.”

आपला,
बागकाम करणारा एक वाचक